खुंटीवरचे पट्टे

मागच्या बाकावरच्या पोरींनो, मोबाइल आत ठेवा. मघाशी त्या सरांनी तुम्हाला पडद्यावर हिवरदऱ्याचा नकाशा दाखवला, लाल ठिपके दाखवले, 'पहारा' यंत्रणेनं साथ कशी रोखली ते सांगितलं. तुम्ही टाळ्या पण वाजवल्यात. सर चांगले आहेत, हुशार आहेत, पण त्या वर्षी ते कॉलेजात होते. हिवरदऱ्याच्या उपकेंद्रावर मी होते. सुवर्णा थोरवडे, तुम्ही होणार आहात तशीच आरोग्यसेविका, तेवीस वर्षं नोकरी. सरांनी जी एकतीस बायकांची यादी दाखवली ना, ती माझ्या हातची. तिच्यात शेवटचं नाव माझ्या पोरीचं आहे. ते सरांनी सांगितलं नाही, कारण त्यांना कोणी सांगितलेलं नाही.

आधी यंत्राचं सांगते, कारण तुमच्यातल्या निम्म्या जणी नुसत्याच पट्टा घालून हिंडता. हा मनगटावरचा पट्टा अंगाचा ताप मोजतो, नाडी मोजतो, आणि दोन मीटरच्या आत दुसऱ्या कुणाचा पट्टा किती वेळ होता ते टिपून ठेवतो. हे सगळं तालुक्याच्या यंत्राला कळत राहतं. कोणी दगावलं आणि डॉक्टरला कारण सापडलं नाही, की यंत्र त्या माणसाचे मागचे एकवीस दिवस उलगडून बघतं. अशी दोन मरणं एकमेकांच्या वाटेत आलेली दिसली, तर ते साथ म्हणतं आणि गाव बंद करतं. वाटेत आलेली नसली, तर ते पाण्याकडे बोट दाखवतं, फवारणीच्या औषधाकडे दाखवतं. आता एक बारीकशी गोष्ट. पट्टा दोन-तीन तास मनगटावर नसला, तर यंत्र समजतं की तो चार्जिंगला लावलाय. ते काही ओरडत नाही. हे वहीत लिहून घ्या.

आणि माझं काम म्हणजे मरणाची चौकशी. पट्ट्याला दिसत नाही ते विचारून काढायचं. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाली की त्या घरी जायचं, कोपऱ्यात बसायचं, टॅबलेट उघडायचा आणि चाळीस प्रश्न विचारायचे. ताप किती दिवस होता, खोकला होता का, शेवटी पाणी कुणी पाजलं, आंघोळ कुणी घातली. रडणाऱ्या माणसाला असलं विचारायला जीभ रेटत नाही. पण मी विचारायची. माझ्याएवढे पूर्ण भरलेले अर्ज तालुक्यात कुणाचे नसत, आणि त्याचा मला तोरा होता, खोटं कशाला बोलू?

त्या वर्षी पहिली गेली ती माधुरी जगदाळे. वय एक्केचाळीस, धडधाकट बाई, उसाच्या फडात पुरुषाला मागं टाकायची. ताप चढला, डोळे लालभडक झाले, पाचव्या दिवशी शुद्ध हरपली, सहाव्या दिवशी गेली. सगळ्या तपासण्या झाल्या, काही सापडलं नाही. तिला ते कुठून आलं, हे आजतागायत कळलेलं नाही. पुढं अठरा दिवसांनी वरच्या वाडीतली अश्विनी शेडगे गेली, तसेच डोळे, तसाच ताप. तिच्या पाठोपाठ दोन दिवसांनी खालच्या आळीतली कांचन सुतार.

यंत्रानं तिघींचे दिवस उलगडले. माधुरी आणि अश्विनी दोन महिन्यांत एकदाही समोरासमोर आलेल्या नव्हत्या. कांचन आणि माधुरी रेशनच्या रांगेत चार मिनिटं, तीही आजाराच्या कितीतरी आधी. उलट माधुरीचा नवरा सहा दिवस तिच्या उशाला बसून होता, तिचं डोकं मांडीवर घेऊन, आणि तो ठणठणीत. पोरं ठणठणीत. मी तिला तीन सुया टोचलेल्या, मी ठणठणीत. यंत्राचं म्हणणं सरळ होतं. जवळच्यांना होत नाही आणि लांबच्यांना होतं, म्हणजे हे माणसाकडून माणसाकडे जात नाही. अहवालात वाक्य आलं, 'संसर्ग आढळत नाही.' गावाचा जीव भांड्यात पडला.

फक्त तालुक्याचे साथरोग अधिकारी, डॉक्टर फिरोज मुलाणी, ते काही गप्प बसेनात. ते स्वतः गाडी काढून आले, माझ्या उपकेंद्रात खुर्ची ओढून बसले.

"सुवर्णाताई, तिघीही नवरा असलेल्या बायका. गावात विधवा किती आहेत?"

"माझ्यासकट साठेक असतील."

"त्यांच्यातल्या एकीलाही साधा ताप नाही. मला सांगा, तुम्ही वापरत नाही आणि या बायका वापरतात, असं काय आहे?"

मी म्हटलं, "कुंकू."

माणूस उठून उभाच राहिला. दोन दिवसांत आम्ही दोनशे घरांतल्या कुंकवाच्या डब्या, करंडे, पुड्या गोळा केल्या. त्यात शिसं असेल, पारा असेल, काहीतरी भेसळ असेल. बायका काय गप्प बसतात व्हय? "डॉक्टर, कुंकू तर नेलंत, आता नवरे पण घेऊन जावा, तेवढाच आराम!" असं तोंडावर म्हणाल्या. डॉक्टर लाजून लाल झाले. प्रयोगशाळेनं सगळं तपासलं आणि कळवलं, कुंकू चोख आहे. आम्ही इतक्या जवळ जाऊन परत फिरलो होतो.

मग माझी भावजय पडली. रुपाली, माझा धाकटा भाऊ सचिन, त्याची बायको.

हिच्याबद्दल सांगायला हवं. माझा नवरा वारला तेव्हा माझी जुई तीन वर्षांची होती. मी माहेरी परत आले, इथंच नोकरी लागली, उपकेंद्राच्या मागं क्वार्टर मिळालं. मी दिवसभर वाड्यावाड्यांवर, आणि जुई मामीच्या हाताखाली. वेण्या मामीनं घातल्या, गोवराच्या तापात मामी जागली, दहावीच्या निकालाला पेढे मामीनं वाटले. मी आई आणि ती मामी, पण पोर रडली की आधी तिच्याकडं जायची. मला त्याचं वाईट वाटायचं आणि बरंही वाटायचं. त्या वर्षीच माघात जुईचं लग्न झालं, कऱ्हाडला दिली. तिच्या लग्नात हळद लावायला मी मांडवात गेले नाही, सगळं रुपालीनं केलं. मला कोणी अडवलं नव्हतं. मीच गेले नाही.

रुपाली मंगळवारी सकाळी सातला गेली. मी नाडी धरून बसले होते, ती माझ्या बोटाखालून गेली. सचिन भिंतीवर डोकं आपटत होता, त्याला चार माणसांनी धरलं. मी बाहेर येऊन पहिला फोन जुईला केला.

"जुई, मामी गेली गं."

ती इतकी रडली की मला फोन कानापासून लांब धरावा लागला. मग म्हणाली, "आई, मी येते. पण सासूबाई म्हणतात, तिकडं कसली तरी साथ आहे, आत्ता जाऊ नको म्हणून."

"कसली साथ? यंत्रानं लिहून दिलंय, संसर्ग नाही. मी इथली सिस्टर आहे का तुझी सासू? गाडी कर आणि ये. मामी अहेव गेलीय, जुई. तिचं कुंकू पहिलं तू घ्यायचंस. ते मी दुसऱ्या कुणाला घेऊ देणार नाही."

तुम्ही शहरातल्या पोरी असाल तर तुम्हाला हे माहीत नसेल. नवऱ्याच्या आधी बाई गेली की आमच्याकडं तिला नशीबवान म्हणतात. सवाष्णी मिळून तिला आंघोळ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, मळवट भरतात, ओटी भरतात. मग एकेक सवाष्ण पुढं होते, तिच्या कपाळाला कुंकू लावते आणि त्याच बोटानं तिच्या कपाळावरचं आपल्या कपाळाला लावून घेते, भांगात भरते. तिच्यासारखं अहेव मरण आपल्याला यावं म्हणून. विधवा मागं भिंतीला उभ्या राहतात. एकवीस वर्षं मी त्या भिंतीला उभी राहिलेय. शिकलेली बाई मी, मला हे पटत होतं का? नव्हतं. पण माझ्या पोरीच्या वाट्याला तरी ती भिंत येऊ नये, असं आतून वाटायचं. म्हणून मी तिला बोलावलं. डॉक्टरांनी नाही, सचिननं नाही, मी.

दहाच्या सुमारास जुई आली. अंगणात बायकांनी वाट करून दिली. ती मामीच्या अंगावर पडून रडली, मग कुणीतरी तिच्या हातात करंडा दिला. तिनं मामीच्या कपाळाला बोट लावलं, स्वतःच्या लावलं, डोळे पुसले. तिच्यामागं तीस बायका. मी भिंतीला उभी राहून बघत होते आणि मला त्या दुःखातसुद्धा बरं वाटलं. हे मला आजही बोलवत नाही, पण बोलते.

साडेअकराला मयत हलली. बायका पांगल्या, मी क्वार्टरवर आले. बाहेरच्या नळावर डोक्यावरून पाणी घेतलं, कपडे बदलले आणि खुंटीवरचा पट्टा काढून मनगटाला लावला. तेवढ्यात मुलाणी डॉक्टरांचा फोन.

"ताई, वहिनींचं कळलं. फार वाईट झालं." मग म्हणाले, "तुम्ही मातीला गेला नाहीत का? पट्टा सकाळपासून क्वार्टरवरच दिसतोय. तब्येत बरी आहे ना?"

"गेले होते की. आत्ताच आले."

"मग पट्टा?"

"तो खुंटीला होता. मयतीला जाताना काढूनच जातो ना आम्ही. मयतीतली वस्तू घरात कशी आणायची? घड्याळ, मोबाइल, सगळं..."

त्यांनी मला मध्येच तोडलं.

"आम्ही म्हणजे कोण, ताई?"

"सगळ्या."

"माधुरीच्या वेळी? अश्विनीच्या वेळी?"

"सगळ्या बायका, डॉक्टर. सगळ्या मयतींना."

"म्हणजे पट्टे आल्यापासून चार वर्षांत यंत्रानं तुमच्या गावातली एकही मयत पाहिलेली नाही," ते म्हणाले. "तिथं काय करतात बायका? नीट सांगा. कोण कुठं हात लावतं?"

मी सांगायला लागले आणि कपाळापाशी आले तशा त्या मयती माझ्या डोळ्यांपुढं आल्या. वरच्या वाडीची अश्विनी माधुरीच्या मयतीला आली होती. मीच तिला भिंतीला उभी राहून पाहिलं होतं, निळी साडी नेसली होती, ओटीत नारळ तिनंच घातला. कांचन तिच्या शेजारी. आणि कांचनच्या मयतीला रुपाली. माझ्या चाळीस प्रश्नांत आंघोळ कुणी घातली हे होतं, म्हणून मी तिघी-चौघींची नावं लिहून मोकळी झाले होते. कुंकू कुणी घेतलं हा प्रश्न नव्हता, आणि मला तो सुचला नाही, कारण ते रोजच्यातलं होतं. देवा रे, मी समोर उभी होते!

मी अनवाणी पळाले.

जुई मामीच्या माजघरात पिशवी भरत होती. कऱ्हाडची गाडी तीन वाजता होती. कपाळावर तसंच कुंकू, रडून डोळे सुजलेले. मी तिला ओढत नळावर नेलं, साबणानं कपाळ घासलं, डोळ्यांत पाणी मारलं. ती "आई, काय करतेस, लागतंय!" म्हणून ओरडत होती. मग मी तिला सगळं सांगितलं. ती पायरीवर बसली.

डॉक्टरांचा हुकूम आला होता. ज्यांनी ज्यांनी कुंकू घेतलं त्या सगळ्यांना तासाभरात जिल्ह्याच्या विलगीकरण केंद्रात हलवायचं, प्रत्येकीला वेगळ्या खोलीत. तिथं तेव्हा काय होतं? काच, पलंग आणि सलाईन. औषध नव्हतंच. आणि नावं फक्त मलाच माहीत होती, कारण पट्टे खुंटीवर होते. मी डोळे मिटून अंगण आठवलं आणि लिहीत गेले. तीस नावं झाली.

जुई माझ्याकडं बघत होती. "आई, माझं नाव घालू नकोस."

"जुई..."

"तुझ्या क्वार्टरमध्ये ठेव मला. कडी लाव बाहेरून. मी कुणाला शिवणार नाही. तू सिस्टर आहेस ना, तूच बघ माझ्याकडं. मेले तर तुझ्यापाशी मरेन. तिथं मला एकटीला काचेत ठेवतील गं."

"आणि उद्या बाकीच्या तीस जणींच्या आया म्हणाल्या, आमच्या पण घरीच ठेवा, तर काय सांगू?"

"मग ठेव त्यांना पण घरी! माधुरीताईच्या नवऱ्याला झालं का? तुला झालं का? मामी माझ्या मामाच्या मांडीवर होती सहा दिवस, त्याला झालं का? कुणाला होतंय त्यानं?"

मी म्हटलं, "तुला काय कळतंय यातलं?"

तिला कळत होतं. माझ्याकडं वीस वर्षांची नोकरी होती, डॉक्टरांकडं यंत्र होतं, आणि बरोबर ती बोलत होती. पण त्या घटकेला कुणालाच खात्री नव्हती. आजार पसरतो एवढं नक्की कळलं होतं, कधी पसरतो हे कळलं नव्हतं.

"कुंकू घ्यायला तूच बोलावलंस," ती हळू म्हणाली, "आणि आता तूच पाठवतेस."

मी एकतिसावं नाव लिहिलं. जुई ओंकार माने, वय चोवीस. बोट लावून यादी पाठवून दिली. गाडीत चढताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. बायका ओट्यावर उभ्या राहून मला शिव्या घालत होत्या, माझ्या लेकीला कुठं नेतेस म्हणून. जुई त्याच गाडीत बसलेली दिसली तेव्हा त्या गप्प झाल्या.

आठ दिवस सगळ्या जणी बऱ्या होत्या. मी रोज उपकेंद्राचं काम उरकून दुपारी केंद्रावर जायची. काचेच्या अलीकडं मी, पलीकडं ती, मध्ये बोलायचं यंत्र. पहिले दोन दिवस ती बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आई, डब्यात भाजी पाठवतात ती तुझ्यासारखीच आळणी असते." मी हसले आणि बाहेर येऊन जिन्यात रडले. ओंकार, माझा जावई, फाटकाबाहेर गाडी लावून बसलेला असायचा. त्याच्या घरच्यांनी बोलावलं तरी हलला नाही. पोरगा सोन्यासारखा निघाला.

नवव्या दिवशी सकाळी केंद्रातून फोन आला. ताप एकशे तीन, डोळे लाल.

एकतिसातल्या बारा जणींना तो ताप आला. तेराव्या दिवशी दुपारी जुईची नजर ठरत नव्हती, पण मी आल्याचं तिला कळलं. तिनं काचेकडं हात केला.

"आई, आत ये ना. जरा वेळ. हात धर माझा."

दार माझ्यापासून चार पावलांवर होतं. मला पोशाख घालता येत होता, मी सिस्टर होते, आणि आतल्या नर्सनं नुसतं हं म्हटलं असतं तरी दार उघडलं असतं. पण दारावर पाटी होती, नातेवाइकांना प्रवेश नाही. तीस घरांना मी स्वतः तोंडानं सांगितलं होतं, कोणीही आत जायचं नाही, आईसुद्धा नाही. मी गेले असते तर उद्या सगळ्या गेल्या असत्या.

मी म्हटलं, "येते बाळा. नियम बदलला की लगेच येते."

ती म्हणाली, "बरं." माझ्या जुईचा तो शेवटचा शब्द.

पंधराव्या दिवशी ती गेली. तिला बंद पिशवीत नेलं, कुणीही शिवलं नाही, कुणी मळवट भरला नाही. बारांपैकी नऊ गेल्या, नऊही तशाच. आणि साथ तिथं थांबली. नकाशावरचे ठिपके विझले, ते तुम्ही मघाशी बघितलंतच. तुमच्या टॅबलेटवर आता एक्केचाळिसावा प्रश्न आहे, मयतीत शरीराला कुणीकुणी हात लावला आणि कशासाठी. तो मी घालायला लावला. तो विचारताना घाई करू नका. आणि विचारून झाला की टॅबलेट मिटा, बाईला म्हणा, ये, जरा टेक, आणि तिच्या तोंडून येईल ते ऐका. यंत्र वाईट नाही गं, पण त्याला जे कोणी सांगितलं नाही ते त्याला कसं कळणार?

जुईला जाऊन चार दिवस झाले होते. मुलाणी डॉक्टरांचा फोन आला. पुण्याच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला होता, तो त्यांनी वाचून दाखवला. माणूस जिवंत असेपर्यंत हा विषाणू रक्तात आणि मेंदूत कोंडलेला राहतो. मरणानंतर दोन-तीन तासांत तो कपाळाच्या आणि पापण्यांच्या कातडीतून बाहेर झिरपतो, तिथून बोटाला लागतो आणि बोटावरून दुसरीच्या डोळ्यात जातो. जिवंत रुग्णाच्या श्वासातून, घामातून, स्पर्शातून तो कुणालाही होत नाही. रुग्णाजवळ नातेवाइकांनी बसण्यास हरकत नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

मी रडले नाही. मी विचारलं, "म्हणजे त्या दिवशी मी आत गेले असते, तिचा हात धरला असता, तर चाललं असतं?"

ते म्हणाले, "हो, ताई."